सादळलेला रॉड

वाङ्मय मंडळाच्या अंकात वेल्डिंगवर लेख कशाला, असं संपादकांनीच विचारलं. मी त्यांना रॉडच्या डब्यावरचा कागद दाखवला. रॉड कुठे ठेवायचे, किती तापवायचे, डबा फोडल्यावर किती वेळात संपवायचे, हे सगळं त्यावर छापलेलं असतं. पण इंग्रजीत, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात. उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगर इथल्या शेडमध्ये किंवा निपाणीच्या हायवेलगतच्या वर्कशॉपमध्ये मराठी बोलतात, कन्नड बोलतात, अलीकडे हिंदीही पुष्कळ बोलतात. डब्यावरची भाषा तेवढी कुणी बोलत नाही.

माझा थोरला भाऊ अशाच एका शेडमध्ये वेल्डर आहे. दोन पावसाळे मी तिथे बिलं लिहायला बसले आणि डब्यावरचं वाचून दाखवता दाखवता हा विषय थोडा थोडा शिकत गेले. ओले रॉड वापरले तर चालतात का, असं मी एकदा विचारलं. एक पोरगा म्हणाला, "काय होत नाही की ओ ताई, दोन रॉड ओढले की आपोआप सुकतात." काय होतं आणि काय होत नाही, ते नीट मांडावं म्हणून हा लेख.

आपला हंगामच पावसाचा

निपाणी, चिकोडी, संकेश्वर हा सगळा उसाचा पट्टा. गाळप दिवाळीच्या आसपास सुरू होतं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला आटोपतं. त्यामुळे कारखान्यातली मोठी दुरुस्ती आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची डागडुजी त्याआधीच्या महिन्यांत येते, म्हणजे बरीचशी भर पावसात. गणपती मंडळांच्या गाड्यांचे सांगाडे श्रावणात जोडले जातात. छपरं गळायला लागली की अँगल आणि पाइपची कामंही तेव्हाच निघतात. थोडक्यात, वर्षातलं बरंच वेल्डिंग आपण हवा सगळ्यांत ओली असताना करतो.

बेळगावचा पावसाळा बेळगावकरांना सांगायला नको. जुलै-ऑगस्टमध्ये आठ-आठ दिवस ऊन दिसत नाही. चुरमुरे सादळतात, पापड वाकतो, काडेपेटीची काडी ओढली की गूल निघून येतो. रॉडचंही तेच होतं. फरक एवढाच, की सादळलेला पापड जिभेला लगेच कळतो. सादळलेला रॉड बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही.

निपाणीकडच्या वाचकांना तंबाखूची आठवण होईल. वाळलेलं पान दुपारच्या उन्हात हाताळलं तर त्याचा चुरा होतो. पहाटेच्या दवाने ते मऊ झालं की उचलता येतं. तिथे हवेतली ओल कामाची, आणि किती ओल झाली हे पान बोटांना सांगतं. रॉडच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी उलट्या आहेत.

लेप कशाला असतो

रॉडमध्ये आत लोखंडाची तार असते आणि बाहेर खनिजांचा लेप. हा लेप म्हणजेच फ्लक्स; शेडमध्ये त्याला 'कोटिंग' म्हणतात. आर्कच्या उष्णतेने तार वितळून सांध्यात पडते. त्याच वेळी लेप जळून वायू तयार होतो आणि तो वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकून ठेवतो. लेपातलं उरलेलं द्रव्य सांध्यावर खपली धरतं. चिपिंग हॅमरने आपण उडवतो ती हीच खपली, म्हणजे स्लॅग. सुरुवातीच्या काळात उघड्या तारेने वेल्डिंग करत; हवा लागून ते सांधे ठिसूळ व्हायचे. स्वीडनच्या ऑस्कर शेलबर्ग यांनी १९०७ च्या सुमारास तारेवर लेप देण्याची युक्ती काढली आणि या कामाचं रूपच बदललं.

सगळे लेप सारखे नसतात. साठवणीच्या दृष्टीने तीन जाती लक्षात ठेवल्या तर पुरे.

पहिली जात रुटाइल. आपल्याकडे ग्रिल, गेट, खिडक्या यांना सर्रास वापरतात तो ६०१३ याच जातीचा. लेपात टायटॅनियम डायऑक्साइड जास्त. थोडी ओल तो सहन करतो.

दुसरी जात बेसिक, म्हणजेच 'लो हायड्रोजन'. ७०१८ हा तिचा ओळखीचा रॉड. लेपात चुनखडी आणि फ्लोरस्पार असतात. जाड पाट्या, ओढ सोसणारे भाग, प्रेशरची टाकी, पूल अशा कामांसाठी हा. ओलीचा खरा शत्रू हाच.

तिसरी जात सेल्युलोजची, उदाहरणार्थ ६०१०. पाइपलाइनच्या कामात हा वापरतात. याच्या लेपात लाकडाच्या लगद्यासारखं द्रव्य असतं आणि ३ ते ७ टक्के ओलावा मुद्दाम राखलेला असतो. हा रॉड ओव्हनमध्ये भाजला तर बिघडतो. "सगळे रॉड तापवून घ्या" असा सरसकट हुकूम म्हणून चुकीचा.

आकडा वाचायलाही सोपा आहे. ७०१८ मधला ७० म्हणजे सांध्याची ताकद: दर चौरस इंचाला ७०,००० पौंड ओढ. पुढचा १ म्हणजे आडवं, उभं, डोक्यावर, कुठल्याही स्थितीत चालतो. शेवटचा आकडा लेपाची जात सांगतो.

आता लेप ओल का धरतो? खनिजांची पूड तारेला चिकटून राहावी म्हणून त्यात वॉटर ग्लास घालतात, म्हणजे सोडियम किंवा पोटॅशियम सिलिकेट. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. काही पाणी नुसतं वर बसतं, ते थोड्या उष्णतेने उडतं. काही मात्र आत रासायनिक रीतीने बांधलं जातं. ते सोडवायला ३०० अंशांच्या वर जावं लागतं. पुढचं सगळं या एका फरकावर उभं आहे.

पाणी लोखंडात शिरतं ते असं

आर्कचं तापमान काही हजार अंश असतं. तिथे पाणी वाफ होऊन थांबत नाही, फुटतं. त्यातला हायड्रोजन वितळलेल्या लोखंडात विरघळतो. पातळ लोखंड पुष्कळ हायड्रोजन पोटात घेतं, घट्ट झालेलं लोखंड फार थोडा. सोड्याची बाटली उघडल्यावर बुडबुडे सुटावेत तसा तो थंड होताना बाहेर पडायला बघतो. वाटेत अडकला की सांध्यात बारीक भोकं पडतात. वेल्डर त्यांना 'पिनहोल' किंवा 'पोरॉसिटी' म्हणतात.

हे त्यातलं बरं दुखणं, कारण ते दिसतं. घासून पुन्हा भरता येतं. उरलेला हायड्रोजन मात्र सुट्या अणूंच्या रूपात लोखंडातच राहतो. हा सगळ्यांत लहान अणू. थंड, घट्ट पोलादातूनसुद्धा तो हिंडत राहतो आणि सांध्यालगतच्या कडक झालेल्या पट्ट्यात जमतो. तिथे तो पोलादाला ठिसूळ करतो. हायड्रोजनमुळे लोखंड ठिसूळ होतं हे इंग्लंडच्या डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी १८७५ मध्येच मांडलं होतं. आम्लात बुडवलेली तार वाकवताना सहज तुटते आणि काही काळ तशीच ठेवली तर पुन्हा पूर्ववत होते, असं त्यांना दिसलं. वायू निघून गेला की लोखंड सावरतं. सांध्यात मात्र तो निघून जायच्या आत भेग पडू शकते.

या भेगेला तीन पायांची तिवई समजा. एक पाय हायड्रोजनचा, दुसरा कडक झालेल्या पोलादाचा, तिसरा ओढीचा. तिन्ही असतील तरच भेग उभी राहते. पातळ पट्टीच्या ग्रिलला ओला ६०१३ लावला तर ठिणग्या जास्त उडतील, भोकं पडतील, पण जिवावर बेतणार नाही. ट्रॉलीचा ड्रॉबार, ॲक्सल, क्रेनचा हूक यांची गोष्ट वेगळी. लोखंड जाड असतं, त्यामुळे सांधा झपाट्याने थंड होऊन कडक होतो. ॲक्सलला बरेचदा ईएन ८ सारखं पोलाद असतं; त्यात सुमारे ०.४ टक्के कार्बन, म्हणजे कडक होण्याची खोड आधीच. आणि ओढ तर रोजची. दोन पाय तयारच असतात, तिसरा आपण ओल्या रॉडने पुरवतो. म्हणून अशा कामांत आधी सांध्याची जागा तापवून घेतात आणि रॉड कोरडा ठेवतात.

हायड्रोजन किती पुरतो, तर ऐकून विश्वास बसत नाही इतका थोडा. लो हायड्रोजन रॉडच्या डब्यावर एच ४, एच ८, एच १६ अशा खुणा असतात. १०० ग्रॅम वेल्डमध्ये जास्तीत जास्त ४, ८ किंवा १६ मिलिलिटर हायड्रोजन, असा त्यांचा अर्थ. ४ मिलिलिटर म्हणजे चहाचा एक चमचाही भरत नाही. आणि साध्या ७०१८ च्या लेपात वजनाच्या ०.६ टक्क्यांहून जास्त पाणी नसावं अशी अमेरिकन मानकाची मर्यादा आहे. १०० ग्रॅम लेपामागे दहा-बारा थेंब.

भेग उद्या येते

या दुखण्याचा सगळ्यांत वाईट भाग म्हणजे उशीर. सांधा थंड झाल्यावर, साधारण २०० अंशांच्या खाली, ही भेग पडते. कधी काही तासांनी, कधी दोन दिवसांनी. म्हणून तिला 'कोल्ड क्रॅक' म्हणतात. जास्त ताकदीच्या काही पोलादांच्या बाबतीत काम संपल्यावर ४८ तास थांबून मगच तपासणी करावी असा नियमच आहे. आपल्याकडे तोवर रंग मारून, बिल देऊन, ट्रॉली घरी गेलेली असते.

आत लपलेली भेग काय करते याचं एक मोठं उदाहरण उत्तर समुद्रातलं आहे. नॉर्वेच्या हद्दीतला 'अलेक्झांडर कीलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म २७ मार्च १९८० रोजी वादळात उलटला. त्यावर २१२ माणसं होती, १२३ गेली. चौकशीत माग लागला तो एका ६ मिलिमीटरच्या वेल्डपर्यंत, एक छोटं उपकरण बसवण्यासाठी केलेल्या सांध्यापर्यंत. त्या भागात कोल्ड क्रॅक होते आणि तुटलेल्या पृष्ठभागावर रंगाचे अंश सापडले. म्हणजे रंग मारला तेव्हाच भेग तिथे होती. त्या दुर्घटनेला इतरही कारणं होती आणि मी ती ओल्या रॉडवर ढकलत नाही. मुद्दा एवढाच, की वरून चांगला दिसणारा सांधा आत वर्षानुवर्षं भेग बाळगू शकतो.

गेल्या हंगामात आमच्या शेडमध्ये एक ट्रॉली आली. पावसाळ्यात दुसरीकडे कुठेतरी ड्रॉबार जोडून घेतलेला. ऊस भरून चढ चढताना तो सांध्यालगत तुटला. मागून येणारा मोटरसायकलवाला थोडक्यात वाचला. भावाने तुटलेली जागा मला दाखवली: काठाशी जुनी, गंजून काळी पडलेली भेग, तिच्यापुढे ताजं चकचकीत लोखंड. कारण ओलच होती असं नुसत्या डोळ्यांनी कुणी सांगू शकत नाही. पण ती काळी भेग बऱ्याच दिवसांची होती, एवढं मलाही कळलं.

ठेवायचं कसं

आधी गोदाम. रॉडचे डबे जमिनीवर ठेवू नयेत, भिंतीला टेकवू नयेत. लाकडी फळीवर किंवा पॅलेटवर ठेवावेत. पावसाळ्यात फरशी आणि भिंत दोन्ही पाझरतात. खोलीतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली असावी असं सांगतात. आपल्या जुलैत ते नुसत्या खिडक्या लावून जमत नाही, म्हणून बंद खोली आणि थोडी ऊब लागते. डबे आपटू नयेत, फार उंच रचू नयेत, कारण लेपाला तडा गेला की तोही रॉड गेलाच. आधी आलेला डबा आधी संपवावा. पुठ्ठ्याचा खोका आणि त्यावरचं प्लास्टिक म्हणजे हवाबंद नव्हे. पत्र्याचा सीलबंद डबा किंवा व्हॅक्यूम पॅक हवाबंद, तोही फोडेपर्यंतच.

सील फोडलं की घड्याळ सुरू. साधा ७०१८ उघड्या हवेत साधारण ४ तास ठेवता येतो. म्हणून सकाळी दिवसभराचे रॉड टेबलावर काढून ठेवायची सवय वाईट. फोडलेला डबा १२० अंशांच्या किंवा त्याहून गरम होल्डिंग ओव्हनमध्ये ठेवावा आणि वेल्डरने जवळच्या छोट्या पोर्टेबल ओव्हनमधून एकेक रॉड घ्यावा.

वेळ उलटली तर भाजणं आलं. ७०१८ ला साधारण ३५० ते ४०० अंश, एक ते दोन तास. नेमका आकडा त्या कंपनीच्या डब्यावरचाच धरावा. रॉड एकदम तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नयेत, लेप तडकतो. निम्म्या तापमानावर अर्धा तास ठेवून मग वाढवावं. भाजणं एकदाच, परत परत भाजलेल्या रॉडचा लेप ठिसूळ होतो. आणि जो रॉड पाण्यात भिजला तो भाजूनही वापरायचा नाही, टाकायचा. ६०१३ ला १०० अंशांच्या आसपास तासभर पुरतं. ६०१० ला ओव्हन दाखवायचाच नाही.

शेडमध्ये चालणारे काही घरगुती उपाय असे. लाकडी पेटीत १०० वॉटचा बल्ब लावून रॉड ठेवणं: कोरडा ६०१३ कोरडा ठेवायला हे बरं आहे. पण सादळलेल्या ७०१८ मधलं बांधलेलं पाणी बल्ब काढू शकत नाही. रॉड जॉबला चिकटवून लालबुंद करणं: यात आतली तार तापते, लेप तडकतो, आणि किती तापला याला काही माप नाही. उन्हात वाळवणं: तेच, वरची ओल जाते, आतली राहते. आणि एक गोष्ट हसू येईल अशी, पण खरी: रॉडच्या ओव्हनमध्ये जेवणाचा डबा गरम करणं. भाताची वाफ थेट रॉडला मिळते, शिवाय लेपाची धूळ जेवणाला.

ओल ओळखायच्या काही खुणा आहेत. दोन कोरडे रॉड एकमेकांवर आपटले तर टणक आवाज येतो, ओले बद्द वाजतात. लेपावर पांढरी भुकटी आली, तारेच्या टोकाला गंज धरला, सुरू करताच वाफ निघाली किंवा आर्क तडतडला, तर रॉड बाजूला काढावा. पण यातली एकही खूण नसली म्हणून रॉड कोरडाच आहे असं नाही. भेगेला पुरणारी ओल याहून खूप कमी असते. म्हणून डोळ्यांपेक्षा वहीवर भरवसा ठेवावा: डबा कधी फोडला, ओव्हनमध्ये कधी गेला, बाहेर कधी आला. वीज गेली तर किती वेळ गेली, हेही त्याच वहीत.

पावडरचं काय

मोठ्या टाक्या, गर्डर यांचे लांब सांधे मशिनने भरतात. तिथे लेप तारेवर नसतो. फ्लक्सची पावडर वेगळी ओततात आणि आर्क तिच्याखाली झाकलेला जळतो. याला सबमर्ज्ड आर्क म्हणतात. ही पावडर दोन तऱ्हेची. एक फ्यूज्ड: खनिजं वितळवून, काचेसारखी घट्ट करून, भरडलेली. तिच्या आत पाणी शिरत नाही, फक्त वर बसतं. दुसरी ॲग्लोमरेटेड: पूड वॉटर ग्लासने बांधून भाजलेले दाणे, राजगिऱ्याच्या लाडवासारखे. हे दाणे आतपर्यंत ओल पितात.

सादळलेली ॲग्लोमरेटेड पावडर सुमारे ३०० ते ३५० अंशांवर दोनेक तास भाजतात. इथे ट्रेमधला थर महत्त्वाचा, दोन इंचांच्या वर नको. रवा भाजताना कढई गच्च भरली की वरचा रवा पांढराच राहतो, तसं होतं. ओव्हनच्या काट्यावर ३५० दिसतं आणि थराच्या मध्यावर निम्मंही नसतं. भाजलेली पावडर सव्वाशे-दीडशे अंशांवर राखावी, संध्याकाळी मशिनच्या हॉपरमध्ये उरलेली काढून ओव्हनमध्ये टाकावी. वापरलेली पावडर परत घेताना चाळावी, लोहचुंबक फिरवून गंजाचे पापुद्रे काढावेत. ती खेचायला कॉम्प्रेसरची हवा वापरत असतील तर त्या हवेतलं पाणी आणि तेल आधी गाळावं. नाहीतर एका हाताने वाळवायचं आणि दुसऱ्या हाताने भिजवायचं. पोतं फाटलेलं आलं तर पावडर भाजल्याशिवाय वापरू नये, आणि चिंब भिजलेली सरळ टाकावी.

पाटी

हे सगळं शेडमध्ये कुणी लेख म्हणून वाचणार नाही. म्हणून मी भावासाठी एक पाटी लिहिली. ज्यांच्या घरात, नात्यात, गल्लीत कुणी हे काम करतं त्यांनी ती उतरवून घ्यावी.

१. डबा लागेल तेव्हाच फोडा. फोडल्याची वेळ झाकणावर लिहा.
२. ७०१८ ओव्हनमधूनच घ्या. ४ तासांवर बाहेर राहिला तर परत भाजा, एकदाच.
३. पाण्यात भिजलेला रॉड टाका.
४. ६०१० भाजू नका.
५. ओव्हनमध्ये जेवणाचा डबा ठेवू नका.
६. ड्रॉबार, ॲक्सल, हूक: कोरडा रॉड नसेल तर आज काम नको, पार्टीला उद्या बोलवा.

सहावं कलम भावाने सांगितलं म्हणून घातलं. पाळायला तेच सगळ्यांत अवघड आहे, कारण पार्टी दारात उभी असते. कन्नड विभागातल्या माझ्या मैत्रिणीने हीच सहा कलमं कन्नडमध्ये लिहून दिली. दोन्ही पाट्या आता ओव्हनशेजारी टांगल्या आहेत. हिंदीतली तिसरी लिहायची आहे. ज्याचं हिंदी चांगलं आहे त्याने मंडळाच्या बैठकीत मला भेटावं.